तयार तक्ता आणि भट्टीवरची मुले

(कोल्हापूर येथे मंडळीच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



सेवाकार्याच्या देणगीतून संगणकाचा खर्च कशाला, असे तुमच्यापैकी काहींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आपले कार्यालय कोल्हापुरात, पण काम रायगडच्या कातकरी वाड्यांवर आणि नंदुरबारच्या धडगाव भागात. रजेचा अर्ज, व्हाउचर, बालवाडीचा हजेरीपट, सगळे कधी टपालाने, कधी व्हॉट्सॲपवर फोटो काढून येई. एकच कागद तिघांच्या फोनमध्ये, आणि हवा तेव्हा एकाकडेही सापडायचा नाही. म्हणून आपण सर्व केंद्रांसाठी एक अंतर्गत संकेतस्थळ उभे केले. बाहेरच्यांना ते दिसत नाही, आपले सेवक आपापल्या पासवर्डने उघडतात. त्यासाठी ‘ड्रुपल’ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांना एकमेकांसाठी निरोप ठेवता यावेत म्हणून ते सुरू केले आणि २००१ मध्ये सर्वांना खुले केले. परवान्याला पैसे पडत नाहीत, आणि गरजेप्रमाणे बदलायला कोणाची मनाई नाही.

पण बदलायचे काय? रंग आणि बोधचिन्ह तासाभरात बदलते. वेळ गेला तो नोंदणीच्या तक्त्याला.

तयार तक्त्यांत कुटुंबाचा पत्ता एकच असतो. कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीवरच्या हजेरीपटात त्यांचे मूल सहा-सहा महिने ‘गैरहजर’ आणि पुढे ‘गळती’. आपण ‘सध्या मुक्काम’ असा रकाना घातला आणि ‘गैरहजर’च्या जोडीला ‘भट्टीवर’ हा शब्द ठेवला. आता भट्टी ज्या केंद्राजवळ असेल तिथल्या ताईंना ते नाव दिसते आणि मुलाचा शोध घेता येतो. जन्मतारखेचेही तसेच. ती सक्तीची केली की सगळी मुले १ जूनला जन्मतात! शाळेचे जुने दाखले पाहिलेल्यांना हे सांगायला नको. आपण ‘अंदाजे वय’ चालवून घेतो.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळले. ड्रुपलच्या मूळ सांगाड्याला हात लावला नाही. आपले बदल वेगळ्या भागात ठेवले, म्हणजे नवी आवृत्ती आली तरी ते पुसले जात नाहीत. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयासाठी ‘बाह्मनी’ ही प्रणाली तयार झाली, तीही तयार मुक्त सॉफ्टवेअर एकमेकांना जोडूनच. आपल्यासारख्या लहान संस्थेने सगळे शून्यातून लिहून घेणे परवडणारे नाही, आणि माझ्या मते शहाणपणाचेही नाही.

धडगावच्या डोंगरात बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते. म्हणून वही बंद केलेली नाही. ताई वहीत लिहितात आणि बाजाराच्या दिवशी खाली आल्या की भरतात.

आता जे सांगतो ते काहींना रुचणार नाही. प्रार्थनेच्या विनंत्यांचे पान याच नोंदींना जोडावे, अशी सूचना आली होती. आम्ही जोडले नाही. एखादी बाई आपल्या क्षयरोगाबद्दल ताईंना सांगते ती औषधासाठी. तिचे नाव मंडळीत वाचले जावे म्हणून नव्हे. प्रार्थना नावाशिवायही करता येते. त्यामुळे आजाराची नोंद फक्त त्या केंद्राच्या ताई आणि आरोग्यसेविका यांनाच उघडते. हिशेबनिसांना ती दिसत नाही, मलाही नाही. देणगीदारांना मुलांचे फोटो नावानिशी पाठवणेही थांबवले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते.

राहिला पैसा. इमारतीला देणगी मिळते, कौलं शाकारायला मिळत नाही, हा आपला जुना अनुभव. सॉफ्टवेअर फुकट असले तरी त्याची डागडुजी फुकट नाही. २०११ मध्ये आलेल्या सातव्या ड्रुपलची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. ज्यांनी वेळेत बदल केला नाही, त्यांची दारे कडीशिवाय राहिली. म्हणून सर्व्हरचे भाडे आणि एका माणसाचा अर्धवेळ पगार ही दरवर्षीची बाब धरावी, अशी विनंती आहे.

तो माणूस बाहेरचाच असावा असेही नाही. जावजी दादाजी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले, तिथे कसब शिकले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. आपल्या दोन ताई सध्या तक्त्यातले रकाने स्वतः बदलायला शिकत आहेत. धडगावच्या ताईंनी पहिली दुरुस्ती सुचवलीही आहे. तक्त्यात सगळीकडे ‘वाडी’ लिहिले आहे, तिकडे ‘पाडा’ म्हणतात, तो शब्द घाला. पुढच्या आठवड्यात तो बदल त्या स्वतःच करणार आहेत.