पिकापाण्याबरोबर मनाचंही विचारा

आमच्या वाशीम जिल्ह्यात दोन कास्तकार भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "यंदा सोयाबीन किती झालं?" मुलांची फी, सावकाराचं देणं, लेकीचं लग्न, सगळं त्या एका आकड्यावर. ऐन सोंगणीत पाऊस लागला की आकडा कोसळतो आणि माणूसही खचतो. मी समुपदेशनाचं काम करतो. माझ्याकडे येणारे "डोकं दुखते, झोप नाही" एवढंच सांगतात. "मन खचलं" असं कुणी म्हणत नाही.

१९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, तर लग्नालाही ५०. पण सारख्याच संकटात एक जण सावरतो, दुसरा कोलमडतो. असं का? ब्राउन आणि हॅरिस यांनी लंडनमधल्या स्त्रियांचा अभ्यास १९७८ मध्ये मांडला. मनातलं सांगायला विश्वासाचं माणूस असलेल्या स्त्रिया संकटातही नैराश्यात कमी सापडल्या.

समाधान म्हणजे मुकाट्याने सोसणं नव्हे. आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय, असं स्वतःला वाटणं म्हणजे समाधान. ते एकट्या पिकावर टेकलेलं असेल, तर पिकाबरोबरच जातं. मित्र, भजनी मंडळ, बचत गट, घरातलं मोकळं बोलणं यांचाही टेकू त्याला हवा.

बोलण्याने कर्ज फिटत नाही, हे खरं. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशीम होतं. पैशाची मदत हवीच. पण बँकेची पायरी चढायलाही मनात बळ लागतं.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच गोडी नाही, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी गावात जाऊन लोकांशी बोलणं सुरू केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

तेव्हा पीक विचारून झालं की "झोप लागते का, भाऊ?" हेही विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. जगणं नकोसं झालं असं कुणी म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, आपल्या मराठीतही.