डीपी का जळते?



पेढीकाठच्या वलगावात काय किंवा पलीकडच्या गावात काय, संत्र्याला पाण्याची निकड असते त्याच वेळी डीपी जळते. यात दैवाचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त.

थ्री-फेज वीज ठरल्या तासांपुरती येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री वावरात साप-विंचवाचे भय! मग माणूस ऑटो स्विच लावून घरी निजतो. त्याला दोष कोण देणार? पण वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. उभ्या बंडीवर वीस जणांनी एकदम उडी घ्यावी, तसे होते. आस मोडणारच.

महावितरणने 2018 पासून नव्या पंपजोडण्यांसाठी उच्चदाब पद्धत आणली. 11,000 व्होल्टची तार वावराजवळ नेऊन एका-दोघांत एक लहान डीपी द्यायची. गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडावे: तीच वीज 415 ऐवजी 11,000 व्होल्टने नेली तर प्रवाह सुमारे सव्वीसपट घटतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाने कमी होते.

2017 साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूही दिवसा वीज देण्याचा आहे.

पण जिथे अजून एकाच डीपीवर पंधरा-वीस पंप आहेत, तिथे काय? मोटरीला योग्य कपॅसिटर बसवा. ऑटो स्विच शक्यतो काढा. नाहीच जमले तर टायमरचा घ्या आणि शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने निराळी वेळ लावा.