बाण वाहणारे उंट

वाळवंटातलं युद्ध म्हटलं, की उंटावरून धावून येणारे योद्धे आपल्या डोळ्यांसमोर येतात. मला मात्र आठवतात ते कॅरीच्या लढाईतले ओझ्याचे उंट.

इ. स. पूर्व ५३मध्ये रोमन सेनापती क्रॅसस सुमारे ४० हजारांची फौज घेऊन पार्थियनांवर चालून गेला. आजच्या तुर्कस्तानातल्या हरानजवळ, उघड्या रखरखीत मैदानात पार्थियन घोडेस्वारांनी त्याला गाठलं आणि दुरूनच बाणांचा वर्षाव सुरू केला. भाते रिकामे झाले, की हे थांबेल, एवढीच रोमनांना आशा होती. पण पार्थियन सेनापती सुरेनाने बाण लादलेले उंट मागे तयार ठेवले होते. स्वार मागे जात, भाते भरून घेत, पुन्हा परतत. हे कळलं तेव्हा क्रॅससचा धीर खचला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्याच्याच हिशेबाने २० हजार रोमन मारले गेले, १० हजार कैद झाले. पुढे क्रॅससही मारला गेला.

त्या उंटांनी शत्रूवर चाल केली नव्हती, फक्त ओझं वाहिलं होतं. म्हणून कुठल्याही लढाईबद्दल वाचताना मी आधी विचारतो : रसद कोण वाहत होतं?