वृद्धाश्रमातील औषधांचा हिशेब

(वरठी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून तरुण कामासाठी बाहेरगावी जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी काहींच्या वाट्याला वृद्धाश्रम येतो. तेथे त्यांच्या झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या कोणाच्या ताब्यात असतात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. माझ्या मते तो सार्वजनिक उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल ही औषधे २०१३ च्या अधिसूचनेने ‘एच-१’ अनुसूचीत आली. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण स्वतंत्र वहीत नोंदवावे, ती वही तीन वर्षे जपावी, असे बंधन आहे. पण तीच पुडी वृद्धाश्रमाच्या उंबरठ्याआत जाऊन एखाद्या डब्यात पडली की हिशेब संपतो. मग गोळी चोरीला जाऊ शकते; रात्र शांत जावी म्हणून ती जादाही दिली जाऊ शकते. तक्रार करणाराच गुंगीत असतो.

यावर कोणी कडक बंदी मागेल. तो मार्ग देशाने पाहिला आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांचा गुंता आणि शिक्षेची धास्ती यांमुळे पुढील बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूवर प्रक्रिया चालूच होती, अफू निर्यात होत होती. कर्करोगाचा गरीब रुग्ण मात्र विव्हळत होता. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट काहीशी सुकर केली.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. वेदनाशामक मिळालेच पाहिजे आणि त्याचा हिशेबही राहिलाच पाहिजे. कुलूपबंद कपाट, प्रत्येक रहिवाशाची वेगळी नोंद, पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजणी. याला पैसा थोडा लागतो. माणसे मात्र पुरेशी लागतात. तुटपुंज्या पगारावर एकाच बाईकडे सगळ्या खाटा सोपवायच्या आणि गोळी हरवली की तिलाच चोर ठरवायचे, हा न्याय नव्हे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम १९ ने वृद्धाश्रमांचे व्यवस्थापन व तेथील वैद्यकीय सेवा यांचे दर्जे ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास दिला आहे. औषधांची नोंदवही त्यात यावी आणि खाजगी वृद्धाश्रमांनाही ती लागू व्हावी, असे निवेदन आपण द्यावे. त्याआधी जवळच्या वृद्धाश्रमात जाऊन एवढेच विचारा : काल रात्री कोणाला कोणती गोळी दिली आणि ती कोणी दिली? उत्तर कागदावर नसेल, तर आपले काम तेथूनच सुरू होते.