पुसलेल्या चेहऱ्यांची चित्रकार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका चित्रकार बाईंविषयी बोलणार आहोत. नाव हंग लिऊ. जन्म १९४८ चा, चीनमधल्या चांगचुनचा. त्या तान्ह्या असतानाच वडील तुरुंगात गेले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या धाकाने घरच्यांनी आपलेच जुने फोटो जाळून टाकले. हंग लिऊंना चार वर्षे खेड्यात शेतावर राबायला धाडले. तिथे हाती आलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी शेतकरी कुटुंबांचे फोटो काढले. नंतर दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत बसून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. आपल्याला अजिंठा, तशी चीनला ती लेणी.

१९८४ साली त्या अमेरिकेला शिकायला गेल्या आणि तिथेच राहिल्या. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःचे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र भल्यामोठ्या चित्रात उतरवले. त्यावर जन्मसाल घातले १९८४! देश बदलला की कागदावर माणूस नव्याने जन्मतो आणि मागचे सगळे पुसले जाते, हेच त्यांना सांगायचे होते.

ते पुसलेलेच त्या शोधू लागल्या. १९९१ साली चीनला गेल्या तेव्हा त्यांना देहविक्रयात ढकललेल्या मुलींचे जुने फोटो सापडले. या मुली कोण, कुठल्या, कुणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाइकांसाठी काढलेले ते फोटो; पण हंग लिऊंनी त्यांतून मानाची, माणसाएवढी चित्रे केली. रंगांवर त्या जवसाचे तेल सोडायच्या. रंग ओघळायचे, चेहरा विरतो आहे असे वाटायचे, तरी डोळे आपल्याकडे बघतच राहायचे. १९९४ मध्ये त्यांना हरवलेले वडीलही भेटले. २०२१ साली हंग लिऊ वारल्या.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घरात बघू. राजा-महाराजांच्या तसबिरी गावोगाव आहेत. पण ज्यांनी आपल्याला इथवर आणले, त्या आजीचा फोटो किती घरांत आहे? आमच्या घरात नाही. तिच्या आईचे तर नावसुद्धा आम्हाला सांगता येत नाही. आमचे फोटो कुणी जाळले नाहीत. ते कधी निघालेच नाहीत.

म्हणून एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. जो फोटो असेल त्याच्या मागे नाव, गाव, साल लिहा. फोटो नसेल तर पोरांना म्हणा, आजी सांगेल तशी पणजी काढ. नाक वाकडे आले तरी चालेल, पण नाव खाली नक्की लिही.

नमो बुद्धाय! जयभीम!