स्तोत्रांची सोबत

नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली.

या भक्तीचं जुनं मूळ बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत आहे. एकूण १५० स्तोत्रं!

तेविसावं मेंढपाळाचं; दुःखाच्या घरी ते आवर्जून वाचलं जातं. तेरावं मात्र देवालाच जाब विचारतं. ही मोकळीक फार मोलाची. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या किंवा नोकरी गेलेल्या माणसाला इथे उसने गोड शब्द आणावे लागत नाहीत. अवघ्या सहा वचनांत हे स्तोत्र तक्रारीपासून गाण्यापर्यंत पोचतं.

आणि प्रवासाला निघताना? अनेक ख्रिस्ती घरांत एकशे एकविसावं वाचतात.