‘दिसला नाही’ ही नोंद



जानेवारी २०१४. दक्षिण ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळा चालू होता. विजा पडल्या आणि बिलियाट आणि न्गारकट या दोन संरक्षित रानांत वणवा पेटला. माणसांची वस्ती तिथे जवळजवळ नाहीच, त्यामुळे जगाच्या बातम्यांत तो फारसा आला नाही. पण त्या राज्यात मॅली एमू-रेन नावाचा जो पक्षी उरला होता, तो याच दोन रानांत होता. आग विझल्यावर शोध घेतला गेला. पक्षी मिळाला नाही. तेव्हापासून या पक्ष्याची नैसर्गिक वस्ती शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यातच, मरे-सनसेट आणि हट्टा-कुलकाइनच्या रानांत, उरली आहे.

पक्षी आहे तरी केवढा? वजन पाच ग्रॅमच्या आसपास. शेपटीत फक्त सहा पिसं, आणि तीही एमूच्या पिसांसारखी विरळ, सुटी. उडायला कच्चा, मोकळी जमीन ओलांडायला घाबरणारा. त्याचं सगळं आयुष्य स्पिनिफेक्स नावाच्या गवताच्या झुडपांत जातं. या गवताची पाती म्हणजे सुयाच. टोकं कातडीत मोडतात आणि दोन दिवस ठणकत राहतात. पक्ष्याला मात्र यापेक्षा चांगला किल्ला नाही. या किल्ल्याचं एकच दुखणं: गवतात राळ असते, त्यामुळे ते हिरवं असतानाही भडकतं.

वणव्यानंतर इथे डोळ्यांची हमखास फसगत होते. मॅली म्हणजे निलगिरीच्याच कुळातली बुटकी झाडं. त्यांचा जीव जमिनीतल्या मोठ्या गाठीत असतो. वरचं सगळं जळलं तरी काही महिन्यांत त्या गाठीतून नवे कोंब येतात. गाडीतून जाणाऱ्याला वाटतं, झालं, रान परत आलं. पण खालचं स्पिनिफेक्स पक्ष्याला लपता येईल इतकं दाट व्हायला वर्षानुवर्षं लागतात. रान हिरवं आहे, पण एमू-रेनच्या दृष्टीने ते अजून जळलेलंच आहे.

म्हणून कुणाला तरी चालत जाऊन बघावं लागतं. आणि ही बघणारी माणसं बहुतांशी पगारी नसतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, शेतकरी, विद्यार्थी. ऑस्ट्रेलियात पक्षिगणनेची एक रूढ पद्धत आहे: दोन हेक्टरचा, म्हणजे सुमारे पाच एकरांचा तुकडा घ्यायचा आणि वीस मिनिटं त्यात फिरून जे जे दिसेल, ऐकू येईल ते लिहायचं. एमू-रेनसारख्या दडून बसणाऱ्या पक्ष्यासाठी त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रणही थोडा वेळ वाजवतात आणि उत्तर येतं का ते ऐकतात. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी येण्याची वाट पाहतात. इथे पाणवठाच नाही. पायपीटच करावी लागते.

हौशी पक्षिनिरीक्षक साहजिकच जिथे पक्षी दिसण्याची खात्री तिथे जातो. जळक्या रानात कोण कशाला जाईल? परिणाम असा की नुसत्या हौशी नोंदींचा नकाशा काढला तर त्यावर पक्ष्यांपेक्षा रस्ते आणि तंबूच्या जागाच जास्त उमटतात. सर्वेक्षणात जागा आधी ठरतात: कोणता तुकडा कोणत्या वर्षी जळला ते उपग्रहाच्या चित्रांवरून पाहून. मग तिथे काही नसलं तरी जायचं, आणि कागदावर ‘दिसला नाही’ असं लिहायचं. एकदाच जाऊन भागत नाही, कारण पक्षी गप्प बसला असेल तर? त्याच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावर, पक्षी असूनही नजरेतून किती वेळा निसटतो याचा हिशेब मांडता येतो. तेव्हा कुठे त्या ‘नाही’ला वजन येतं. दिवसभर चालून नुसती शून्यं लिहिणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. दुर्मीळ पक्षी दिसला तर फोटो निघतो, चार लोकांना सांगता येतं. शून्याचं काय सांगणार?

अशा नोंदी उपयोगी कुठे पडतात? एक उदाहरण देतो. २००९च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरियात वणव्यांनी १७३ माणसं मारली. चौकशी आयोगाने सुचवलं की सरकारी रानापैकी किमान पाच टक्के भाग दर वर्षी मुद्दाम, ताब्यात ठेवून जाळावा, म्हणजे मोठ्या आगीला जळण उरणार नाही. गावांना लागून असलेल्या डोंगराळ जंगलात यामागचा विचार समजण्यासारखा होता. पण तोच आकडा मॅलीला लावला तर? पाच टक्के म्हणजे सरासरीने प्रत्येक जागा वीस वर्षांत एकदा जळणार. वर विजांनी लागणारे वणवे वेगळेच. मॅलीफाउल हा कोंबडीएवढा पक्षी पालापाचोळा आणि वाळूचा मोठा ढिगारा रचून त्यात अंडी पुरतो, आणि नर चोच खुपसून ढिगाऱ्याची ऊब राखतो. त्याला कित्येक दशकं न जळलेलं, पाचोळ्याने भरलेलं रान लागतं. पक्ष्यांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून अभ्यासकांना हे ठणकावून सांगता आलं. पुढे तो सरसकट पाच टक्क्यांचा आकडा मागे पडला आणि कुठे किती धोका आहे हे बघून जाळायचं धोरण आलं. माझ्या मते मॅलीत मूळ आकडाच चुकीचा होता. जिथे माणसं राहतच नाहीत तिथे माणसांच्या रक्षणासाठी किती जाळायचं?

न जळलेलं रान ही तिथली खरी दौलत आहे. मरे नदीच्या उत्तरेला ग्लूपॉट नावाची, पूर्वी मेंढ्या चारायची, पन्नास हजार हेक्टरांहून मोठी जागा आहे. पक्षिमित्रांच्या राष्ट्रीय संस्थेने १९९७ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून ती विकत घेतली. जुनं मॅली तिथे टिकून होतं, हेच त्यामागचं मोठं कारण. आजही तिचा कारभार स्वयंसेवकच बघतात.

न्गारकटलाही पक्षी परत नेण्याचा प्रयत्न झाला. २०१८ मध्ये व्हिक्टोरियातून एमू-रेन पकडून तिथे सोडले. कुठून किती पक्षी उचलले तर मूळची वस्ती दुबळी होणार नाही, हे ठरवायलाही आधीची मोजदाद हवीच होती.

ॲडलेड, मेलबर्नला राहणारे मराठी श्रोते हा कार्यक्रम ऐकत असतील तर त्यांना एक सुचवतो. तिकडचा वसंत म्हणजे आपले गणपती ते दिवाळीचे दिवस, आणि पक्षी शोधायला तो काळ चांगला. पक्षिशास्त्राची पदवी लागत नाही. भरपूर पाणी, जाड कापडाची विजार, घोट्यावर चढणारे बूट आणि सांगितलेल्या जागीच चालण्याची शिस्त पुरते. आणखी एक गोष्ट मात्र न्या: घरातली विशीतली मुलं. एमू-रेनचा आवाज इतका बारीक आणि उंच पट्टीतला असतो की वय वाढलेल्या पुष्कळ कानांना तो ऐकूच येत नाही. अनुभवी म्हाताऱ्यांच्या तुकडीत असा एक तरुण कान असावा, आणि त्या कानाने हेडफोन काढून ठेवलेले असावेत.